कुर्ली, तिसऱ्या आणि तारामासा

तिसऱ्यांच्या वाट्यात एखादी शिंपली उघडी दिसली की मालवणात तिच्यावर टिचकी मारून बघतात. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला. मृदुकाय संघाच्या शरीररचनेचा अर्धा धडा या टिचकीत आहे. दोन शिंपल्यांच्या सांध्यावरचा लवचीक बंध त्यांना सतत उघडायला बघतो आणि आतले दोन स्नायू त्यांना ओढून मिटलेल्या ठेवतात. एका शिंपलीतच मांस ठेवून करायच्या एकशिपीसाठी विळीवर तिसरी कापताना पातं जातं ते याच स्नायूंतून. शिजताना तिसऱ्या आपोआप उघडतात, कारण स्नायूंची पकड जाते आणि बंध उरतो. खडकावरच्या कालवाला मोठेपणी असा स्नायू एकच असतो, पाय तर उरतच नाही. डावी शिंपली दगडाला चिकटवून ते तिथेच जन्म काढतं.

म्हाकूलही याच संघातलं. त्याच्या रुंद अंगाच्या जातींत कवच शरीराच्या आत गेलं. किनाऱ्यावर मिळणारं समुद्रफेन ते हेच. हृदयं तीन, आणि रक्तात प्राणवायू वाहायला लोहाऐवजी तांबं, म्हणून रक्त निळसर.

कुर्ली, सुंगटं, शेवंड हे संधिपाद. कवच वाढत नाही, म्हणून कात टाकावी लागते. कात टाकलेली कुर्ली पाणी घेऊन फुगते आणि नवं कवच टणक होतं, पण आत मांस भरायला वेळ लागतो. हातात हलकी लागणारी कुर्ली बहुधा अशीच. पोटाखालची पट्टी अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी; मादी अंडी त्या पट्टीखालीच बाळगते.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी सुकतीला पायाला कापणारे पांढरे बार्नॅकल दिसतात. लिनिअसने १७५८ साली त्यांना शिंपल्यांत बसवलं होतं, आणि तारामाशाला म्हाकुलाच्या शेजारी, ‘मोलस्का’ याच नावाच्या गटात. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी बार्नॅकलची पोहणारी पिल्लं वाढताना पाहिल्याचं मांडलं आणि हे प्राणी कुर्लीचे भाऊबंद ठरले. चार्ल्स डार्विन यांनी आयुष्याची आठ वर्षं त्यांना दिली. १८५१ ते १८५४ या काळात त्यांचे ग्रंथ आले. चुन्याच्या कवचात डोक्याकडून दगडाला चिकटलेला हा जीव पाय हलवून पाण्यातलं अन्न ओढतो. वरचं कवच पाहून कूळ ठरवणं किती फसवं असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा संघ कंटकचर्मींचा. तो इथे ताटात येत नाही, म्हणून रापणीत आलेल्या तारामाशाला कुणी विचारत नाही. मला मात्र तिघांत हाच सर्वांत नवलाचा वाटतो. जिवंत तारामासा पाण्यातच उलटा करून पाहावा: बाहूंच्या खाचांतून नळीपायांच्या रांगा वळवळू लागतात. पाठीवरच्या चाळणीशी जोडलेलं पाण्याच्या नळ्यांचं जाळं आतून त्यांना चालवतं. गोड्या पाण्यात या संघाची एकही जात नाही. मोठेपणी अंग पाच भागांचं, पण पिल्लू आपल्यासारखंच डाव्या-उजव्या बाजूंचं. गर्भात फुटणारं पहिलं छिद्र तारामाशात गुदद्वार होतं, तोंड मागून येतं. माणसातही क्रम हाच. म्हणजे नात्याने तारामासा कुर्लीपेक्षा आपल्याला जवळचा.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. कंटकचर्मींपैकी समुद्रकाकडीला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. साध्या तारामाशाची काळजी रापण ओढणाऱ्या हातांवरच आहे. तो श्वास घेतो तो कातडीवरच्या बारीक उंचवट्यांतून आणि नळीपायांतून, तेही पाण्यातच. म्हणून मासळी निवडताना त्याला आधी परत पाण्यात सोडावं.