मुक्त संगणक (भाग ९): इन्स्टॉल न करता डेबियन

गेल्या आठवड्यात डेबियन या लिनक्स प्रणालीचा कारभार पाहिला. मालक कुणी नाही, प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो, आणि १९९३ पासून स्वयंसेवकांच्या जोरावर हा गाडा चालू आहे. हे सगळं वाचून झालं तरी वाचकाच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो: माझ्या लॅपटॉपवर हे चालेल का? आणि चालवून बघायच्या नादात आतले फोटो, हिशेबाच्या फायली गेल्या तर? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नेहमीचं मोफत पाठबळ थांबवलं आणि विंडोज ११ ला न चालणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप अडगळीच्या वाटेला लागले. त्यामुळे हा प्रश्न आता हौशी लोकांपुरता राहिलेला नाही.

डेबियन लाइव्ह अशा वेळेसाठीच आहे. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, अख्खी प्रणाली वापरून पाहायची, बंद करायचा. पेनड्राइव्ह काढला की आपलं नेहमीचं विंडोज जसंच्या तसं.

हे जमतं कसं? पेनड्राइव्हवर स्क्वॅशएफएस प्रकारची एक मोठी फाइल असते. तिच्यात डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिसची साधनं असं सगळं घट्ट दाबून भरलेलं असतं. ही फाइल फक्त वाचता येते, तिच्यात काही लिहिता येत नाही. जो भाग लागेल तेवढाच त्या क्षणी उलगडला जातो. पण चालू संगणकाला सतत काहीतरी लिहावं लागतं: सेटिंग, नोंदी, उतरवलेल्या फायली. त्यासाठी रॅममध्ये दुसरा थर तयार केला जातो. छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा माराव्यात, तसं. आपल्याला दोन्ही थर एकत्र दिसतात, रेघा मात्र वरच्याच कागदावर उमटतात. वीज गेली की रॅम रिकामी होते आणि तो कागदही जातो.

ही कल्पना लोकप्रिय केली क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने. २००० साली त्याने डेबियनच्या पायावर ‘क्नॉपिक्स’ काढलं आणि सुमारे दोन जीबीचा ऐवज दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवला. त्याहून मोठी करामत म्हणजे समोरच्या यंत्रात कोणतं ग्राफिक्स कार्ड, कोणतं साउंड कार्ड आहे हे क्नॉपिक्स स्वतःच ओळखायचं. त्या काळात लिनक्सवाल्यांचे रविवारच्या रविवार याच कामात जात. डेबियनचा स्वतःचा लाइव्ह प्रकल्प पुढे २००६ मध्ये सुरू झाला.

आता प्रत्यक्ष काम. डेबियन लाइव्हची साधारण तीन-चार जीबीची फाइल (‘इमेज’) डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. लॅपटॉपची रॅम कमी असेल तर एक्सएफसीई डेस्कटॉपची घ्या, भरपूर असेल तर ग्नोम किंवा केडीई. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफस किंवा एचरसारख्या साधनाने ती ‘लिहावी’ लागते आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग संगणक सुरू होताना बूट मेनू उघडायचा. त्याची कळ कंपनीगणिक वेगळी: कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप.

डेस्कटॉप आला की वॉलपेपर बदलत बसू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, एवढं तपासा. पूर्वी वायफायपाशीच घोडं अडायचं, कारण कंपन्यांचं बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इमेजमध्ये नसायचं. २०२२ मध्ये डेबियनकरांनी त्यावर मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. तत्त्वनिष्ठांना हे अजून खुपतं. माझ्या मते निर्णय योग्यच होता. ज्याला इंटरनेटच लागत नाही, तो नवखा मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं ऐकायला थांबणार कशाला? वेगावरून मात्र मत बनवू नका. पेनड्राइव्ह हार्ड डिस्कहूनही संथ असू शकतो, एसएसडीची तर गोष्टच सोडा.

बदल टिकवायचे असतील तर पेनड्राइव्हवर वेगळं पार्टिशन करून ते साठवता येतात. मी तरी त्या भानगडीत पडू नका म्हणेन. इतकं आवडलं तर सरळ इन्स्टॉल करावं.

एक गैरसमज मात्र महागात पडतो. लाइव्ह प्रणाली आपणहून हार्ड डिस्कला हात लावत नाही, पण तुम्ही लावायला सांगितलंत तर लावते. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचं पार्टिशन दिसतं आणि तिथे उडवलेली फाइल खरोखरच उडते. याच सोयीची दुसरी बाजू अशी, की विंडोज सुरूच होत नसेल आणि डिस्क धड असेल, तर फायली बाहेर काढून घेण्याचा हा उत्तम मार्ग आहे. डिस्कवर विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनचं कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की लागते.

डेस्कटॉपवर डेबियन इन्स्टॉल करण्याचं चिन्हही दिसेल. त्याला या आठवड्यात हात लावू नका, ते काम पुढच्या भागात करू. तोवर महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची की कागदावर उतरवून ठेवा.