पुठ्ठ्यावरचे दोन खळगे

खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याशी आलो तेव्हा पाय ठणठणीत होते, दमही टिकून होता, पण सीटवर बसवत नव्हतं. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड होती, साडेतेरा तासांत पुण्यात परत पोचायचं होतं आणि अजून निम्मं अंतरही कापलं नव्हतं. उरलेला बराचसा रस्ता मी पायडलवर उभं राहून काढला. आदल्याच आठवड्यात मी सीटवर जाडजूड जेलचं कव्हर चढवलं होतं. दुखणं त्यानेच वाढवलं, हे कळायला मात्र पुढे बरेच महिने गेले.

सायकल आणि शरीर तीनच ठिकाणी एकमेकांना भेटतात: बैठक, तळहात आणि तळपाय. नवीन सायकलस्वार पैसे घालतो ते हलक्या फ्रेमवर, जास्त गिअरवर, नाहीतर घड्याळावर. आधी खर्च या तीन जागांवर करावा, असं माझं ठाम मत आहे. त्यातही पहिला मान बैठकीचा.

आपण बसतो तेव्हा वजन पेलतात ती कमरेच्या हाडांची खालची दोन टोकं. सीट त्या दोन टोकांखाली नीट आली पाहिजे. फार मऊ सीटमध्ये ही हाडं रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन दाबला जातो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या चेपल्या की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. दुकानात अंगठ्याने दाबून मऊ लागलेली सीट पहिल्या दहा किलोमीटरला सुखाची वाटते, सत्तर-ऐंशीनंतर तीच नकोशी होते. बधिरपणा येत असेल तर तो अंगवळणी पडेल म्हणून सोसू नये. सीट बदलावी, निदान तिचं नाक किंचित खाली करून पाहावं.

आमच्या सोसायटीतल्या वहिनी आषाढीच्या सायकल वारीची तयारी करत होत्या. पुणे ते पंढरपूर म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. एका संध्याकाळी त्यांनी जिन्यातच गाठलं.

“भावोजी, सीट बदलू की सायकलच बदलू?”

“वहिनी, आधी एक पुठ्ठा आणा. खोक्याचा, नळीदार.”

पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवला. त्या त्यावर बसल्या, टाचा उचलल्या, थोड्या पुढे वाकल्या आणि मिनिटभर तशाच राहिल्या. उठल्यावर पुठ्ठा उजेडाकडे तिरका धरला, तर दोन उथळ खळगे स्पष्ट दिसत होते. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावली: 13 सेंटिमीटर. त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी हाताशी येते. त्यांच्या सीटवर टेकायला जेमतेम 13 सेंटिमीटर जागा होती, म्हणजे दोन्ही हाडं अगदी कडांवर टेकत होती. सायकल बदलण्याची काही गरज नव्हती.

सीटनंतर पॅडची शॉर्ट्स. तिच्याआत दुसरं काहीही घालायचं नाही, हे संकोच न करता सांगायला हवं, कारण दुकानात सहसा कुणी सांगत नाही. आतल्या कपड्याची शिवण घामाने ओली होते, हजारो वेळा त्याच जागी घासते आणि तिथे फोड येतात.

गुडघ्याचं दुखणं बहुतेक वेळा सीटच्या उंचीत असतं. आमच्याकडचे जुने सायकलवाले काका विचारतात, “पुढून दुखतोय का मागून?” पुढून दुखत असेल तर सीट फार खाली आहे, ती वर घ्यायची, मागून दुखत असेल तर फार वर आहे, ती खाली घ्यायची, असा त्यांचा ठोकताळा, आणि तो बहुतेकदा बरोबर निघतो. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दाबली जाते आहे. ग्लव्हज मदत करतात, हाताची पकड बदलत राहणं त्याहून जास्त. आणि टायरमध्ये ठासून हवा भरू नका. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. 28 मिलिमीटरच्या टायरला बहुतेकांच्या वजनाला 65 ते 80 पीएसआय पुरतं. आपल्या रस्त्यांवर तेवढ्यानेही कंबर वाचते.

आता राईडनंतरचं. मसाज गन, फोम रोलर, कॉम्प्रेशन सॉक्स, बर्फाचं पाणी, बाजारात सगळं मिळतं. रोलरने तात्पुरतं मोकळं वाटतं, सॉक्सने दुखणं थोडं कमी जाणवतं. परवडत असेल तर जरूर वापरा. मात्र दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्याचं खापर लॅक्टिक आम्लावर फोडू नका, ते तासा-दीड तासात निवळतं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ती भरून यायला लागते झोप आणि जेवण. भात किंवा पोळी, सोबत वीसेक ग्रॅम प्रथिनं. तीन अंडी किंवा शंभरेक ग्रॅम पनीर त्याच्या जवळपास पोचतं. राईड चालू असतानाही तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, काहीही चालेल. घाम खूप जात असेल तर नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं, कारण रक्तातलं मीठ उतरतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं पाणी स्वस्तही आहे आणि खात्रीचंही.

एका गोष्टीची मला खरोखर भीती वाटते. दुखू नये म्हणून राईडच्या आधीच वेदनाशामक गोळी घेणारे मी पाहिले आहेत. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या थेट मूत्रपिंडावर ताण आणतात. गोळी घ्यावी लागत असेल तर त्या दिवशी सायकल घरी ठेवावी.

वहिनी पंढरपूरहून आल्या तेव्हा चेहरा रापला होता, पण जिना सरळ चढल्या. सीटबद्दल काही बोलल्याच नाहीत. घरात शिरल्यावर शॉर्ट्स साध्या साबणाने धुतली, सॉफ्टनर न घालता, आणि पॅड बाहेर येईल अशी उलटी करून गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली.