यकृत बदललं, पुढं काय?

१ ऑगस्ट २०२५च्या रात्री व्हाइटफील्डच्या वैदेही रुग्णालयातून निघालेलं एक यकृत मेट्रोनं राजराजेश्वरीनगरला पोचलं. हूडी, सिंगय्यनपाळ्य, के. आर. पुरम ही आमच्या महादेवपुऱ्याकडची स्टेशनं मागं टाकत त्यानं तासाभरात शहर ओलांडलं. संध्याकाळी आउटर रिंग रोडवर अडकणाऱ्याला या तासाची किंमत वेगळी सांगायला नको. बंगळुरूच्या मेट्रोतून अवयव जाण्याची ती पहिलीच वेळ. बातमी त्या धावपळीची झाली. मला काळजी वाटते ती यकृत मिळालेल्या माणसाच्या पुढच्या वीस वर्षांची.

यकृतारोपणाची सुरुवात फार खडतर होती. मार्च १९६३मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या मुलावर पहिलं यकृतारोपण केलं. रक्तस्रावानं तो टेबलावरच गेला. १९६७मध्ये एक चिमुरडी वर्षभराहून अधिक जगली. तरी सत्तरच्या दशकात वर्ष काढणारे तिघांत जेमतेम एक. मग शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायचं सायक्लोस्पोरिन आलं, पुढं टॅक्रोलिमस, आणि चित्र पालटलं. आता चांगल्या केंद्रांत दहातले नऊ जण पहिलं वर्ष पार करतात, पाच वर्षं चारांतले सुमारे तीन. आपल्याकडं १९९४मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. नोव्हेंबर १९९८मध्ये दिल्लीच्या अपोलोत कांचीपुरमच्या एका तान्ह्या मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला. तो मुलगा पुढं स्वतः डॉक्टर झाला.

मात्र ही मोठी झेप मुख्यतः पहिल्या वर्षातली. त्यानंतरची घसरण तेवढी थोपलेली नाही. उशिरा दगावणारे बरेचसे रुग्ण शरीरानं यकृत नाकारल्यानं जात नाहीत. हृदयविकार, कर्करोग, जंतुसंसर्ग, निकामी किडन्या त्यांना गाठतात. यकृत टिकवणारं टॅक्रोलिमसच किडनीला जड जातं, साखर आणि रक्तदाब वाढवतं. म्हणून डॉक्टर वर्षागणिक त्याचा डोस जपून उतरवतात. रक्ततपासणीच्या सकाळी गोळी घ्यायची नाही, पिशवीत ठेवायची. रक्त दिल्यावरच घ्यायची, नाहीतर औषधाची लेव्हल चुकीची येते. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, कारण त्यानं रक्तातलं औषध वाढतं. दर बारा तासांनी गोळी, मग लग्नाची पंगत असो की रात्रपाळी. लहानपणी यकृत बदललेली मुलं कॉलेजात गेली की इथंच घसरतात. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सुटतात आणि वर्षानुवर्षं नीट चाललेलं यकृत बिघडतं.

खर्चाचंही तसंच. इथल्या आयटीवाल्यांना कंपनीचा विमा ऑपरेशनला तारतो. महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या बहुधा खिशातूनच. नोकरी सुटली की तो विमाही जातो. तेव्हा घरात आधी काटछाट कशात होते, हे डॉक्टरांनी दर भेटीत स्पष्ट विचारायला हवं. रुग्ण आपणहून सांगत नाही.

देशात वर्षाला चार हजारांवर यकृतारोपणं होतात, बहुतेक घरच्याच माणसानं दिलेल्या तुकड्यावर, आणि देणाऱ्यांत बायका जास्त. रुग्णालयं शंभरावं, पाचशेवं ऑपरेशन साजरं करतात. त्या शंभरातले दहाव्या वर्षी किती हयात आहेत, त्यांच्या किडन्या कशा आहेत, आणि तुकडा देणारी बाई कशी आहे, हे आकडेही प्रत्येक केंद्रानं तितक्याच ठळकपणे जाहीर करावेत. ऑपरेशनची सही करण्याआधी कुटुंबानं ते मागून घ्यावेत.