लेप्टोस्पायरोसिस : पूर ओसरल्यानंतरचा आजार

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मिठी नदी पात्राबाहेर पडली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. लेप्टोस्पायरा या मळसूत्राकार जिवाणूमुळे होणारा हा आजार प्राणिजन्य, म्हणजे प्राण्यांकडून माणसाला होणारा आहे. उंदीर-घुशी, कुत्री व गुरे यांच्या मूत्रावाटे हे जिवाणू बाहेर पडतात आणि साचलेल्या पाण्यात किंवा ओल्या मातीत कित्येक दिवस तग धरतात. न उचललेल्या कचऱ्यावर उंदरांची पैदास वाढते, प्लास्टिक व गाळाने तुंबलेल्या नाल्यांचे पाणी वस्तीत शिरते आणि त्यातून अनवाणी चालणाऱ्यांच्या टाचेच्या भेगेतून वा खरचटलेल्या जागेतून जिवाणू शरीरात प्रवेश करतात.

संसर्गानंतर साधारणतः 5 ते 14 दिवसांत थंडी वाजून ताप येतो, डोळे लाल होतात व पोटऱ्या तीव्र दुखतात. ही लक्षणे डेंग्यू-मलेरियाशी मिळतीजुळती असल्याने निदान लांबते आणि उपचारास विलंब झाल्यास कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे किंवा फुप्फुसांत रक्तस्राव अशी गुंतागुंत उद्भवते. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी 72 तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक घ्यावे, असे आवाहन मुंबई महापालिका पावसाळ्यात करते. तथापि हा व्यक्तीपुरता बचाव असून, साथीचा उगम रोखण्यासाठी नियमित कचरा-उचल, वेळेवर नालेसफाई आणि मूषकनियंत्रण यांना पर्याय नाही.