त्या दिवशी अमलात असलेला दर

रिझर्व्ह बँकेने २२ मे २०२० रोजी रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि ४ मे २०२२ रोजी, नियोजित बैठकीची वाट न पाहता, तो तत्काळ ४.४० टक्के केला. या दोन तारखांच्या दरम्यान दरबदलांच्या तक्त्यात एकाही ओळीची भर पडली नाही, तथापि त्या अवधीतील प्रत्येक दिवशी कोणता ना कोणता दर जारी होताच.

कर्जांच्या नोंदवहीतील ३ मे २०२२ च्या नोंदीसमोर त्या दिवशीचा रेपो दर मांडावयाचा आहे, असे समजू. तारखा तंतोतंत जुळवण्याचा हुकूम दिल्यास संगणक रिक्तहस्ते परतेल, आणि सर्वांत जवळची तारीख शोधण्यास सांगितल्यास तो एकाच दिवसाच्या अंतरावरील ४ मे उचलून ४.४० हा आकडा निःशंकपणे पुढे ठेवील. तो आकडा चूक आहे. येथे सुमारे दोन वर्षे जुनी ओळच प्रमाण होय, कारण ३ मे रोजी दुसऱ्या दिवशीचा निर्णय कोणत्याही दफ्तरी दाखल नव्हता. भाकिते करणाऱ्या यंत्रांना शिकवताना अशी एखादी भावी नोंद भूतकाळात शिरली, तर ती भाकिते परीक्षेत विलक्षण अचूक भासतात आणि व्यवहारात कोसळतात. म्हणून ‘निकटतम’ या अटीहून ‘पूर्वीची’ ही अट मला अधिक मोलाची वाटते.

पूर्वी हे काम करताना प्रत्येक कर्जासाठी, त्याच्या तारखेपर्यंतच्या दरतारखांतून सर्वांत अलीकडची निवडून, तिच्या आधारे पुन्हा मूळ तक्त्यातून दर आणावा लागे. पायथन भाषेच्या पांडाज या संग्रहात २०१६ साली ‘मर्ज ॲझ-ऑफ’ ही स्वतंत्र क्रिया आली. ती दोन्ही तक्ते तारखेच्या क्रमाने लावलेले असावेत असा आग्रह धरते, आणि तो सार्थ आहे: क्रम लागलेला असला म्हणजे दोन्ही याद्यांवरून एकेक बोट खाली सरकवीत जावे, कर्जाची तारीख ओलांडण्यापूर्वी दरांच्या यादीवरील बोट जेथे थांबते तीच ओळ उचलावी, मागे फिरण्याचे कारणच पडत नाही. एकट्याच नोंदीचा शोध असेल, तर यादी वारंवार निम्मी करीत गेल्यास दहा लाख तारखांतूनही सुमारे २० तुलनांत उत्तर हाती येते.

कर्जाची नोंदही ४ मे २०२२ चीच असली, तर ही क्रिया समान तारीख ग्राह्य धरून ४.४० टक्के देते. परंतु ती नोंद घोषणेपूर्वी सकाळी झाली असल्यास नुसत्या तारखेने निवाडा होत नाही, दोन्ही तक्त्यांत वेळही नोंदलेली असावी लागते.

मागे किती दूर जावे, हे मात्र विषयावर अवलंबून असते. रेपो दर नवा निर्णय होईपर्यंत कायम राहतो, म्हणून तेथे कालमर्यादा घालणे गैर; पण वेधशाळेतील तापमानाची नोंद काही तासांतच शिळी होते, आणि दोन दिवसांपूर्वीचे तापमान आजच्या नोंदीस जोडण्यापेक्षा तो रकाना कोरा ठेवणेच शास्त्रशुद्ध ठरते.