पोकळ कवचाची करामत

मुलांनो, पोलिओची लस तुम्हांला ठाऊक आहे, गोवराचीही. पण कर्करोगाला अडवणारी लस? तीसुद्धा आहे बरं का!

हातापायांवर येणारी चामखीळ तुम्ही पाहिली असेल. ती येते ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही या विषाणूमुळे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बरेचसे निरुपद्रवी, काही मात्र भारी कपटी! ते स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाशी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. ना ताप, ना दुखणं. आणि हळूहळू तिथे कर्करोग होऊ शकतो. भारतातल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच कर्करोग आढळतो.

हा चोर शोधला जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी. इतर शास्त्रज्ञांचा संशय भलत्याच विषाणूवर होता! हाउझेन यांच्या गटाला १९८३ मध्ये १६ क्रमांकाचा आणि १९८४ मध्ये १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. या कर्करोगाच्या शंभरांपैकी सुमारे सत्तर रुग्णांमागे हे दोघेच असतात. २००८ मध्ये हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मग या चोराला अडवायचं कसं? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये युक्ती काढली. त्यांनी विषाणूच्या फक्त कवचाचं प्रथिन बनवलं. त्याचे कण आपोआप जुळून पोकळ गोळे तयार झाले. दिसायला हुबेहूब विषाणू, पण नुसती करवंटी, आत खोबरंच नाही! त्यामुळे रोग होत नाही. शरीर मात्र चोराचा चेहरा ओळखून ठेवतं आणि प्रतिपिंडं तयार करतं.

२००६ पासून ही लस मिळू लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

“मुलगी अजून लहान आहे, एवढ्यात कशाला?” असं आई-बाबा म्हणतील. आई-बाबा, लहान आहे म्हणूनच! हा विषाणू मुख्यतः मोठेपणी, लैंगिक संबंधांतून पसरतो. लस त्याला दारातच अडवते. आत शिरलेल्याला हुसकावू शकत नाही. चोरी झाल्यावर कुलूप लावून काय उपयोग? म्हणून नऊ ते चौदा हे वय उत्तम. मुलग्यांनाही या विषाणूपासून धोका असतो. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून त्यांनाही लस देतात.

सुई टोचल्यावर दंड थोडा दुखेल, क्वचित चक्कर येईल. म्हणून पंधरा मिनिटं बसून राहायचं. आणि हो, लस सगळे प्रकार अडवत नाही. तेव्हा तिशीनंतर तपासणी हवीच.

मग काय, हा लेख आज आईला वाचून दाखवाल ना? तुमच्या लशीचं डॉक्टरांना विचारायला सांगा, आणि तिच्या तपासणीचंही!