अंगावरून वारे गेल्यानंतर

शिरूर तालुक्यातील निमोणे आणि आसपासच्या गावांत जुनी माणसे पक्षाघाताला 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे उठू पाहतो, तो हात उचलत नाही आणि जीभ वळत नाही. मग धावाधाव होते. न्हावरे, शिरूर, प्रसंगी पुणे गाठले जाते. माणूस वाचतो आणि काही दिवसांनी घरी येतो. येथवरची हकीकत सर्वांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. हातात थोडी हालचाल येऊ लागलेली असते, व्यायाम नेमून दिलेला असतो. पण रोगी अंथरुणावरून उठायलाच तयार नसतो. ताटाकडे पाहत नाही, नातवंडाला जवळ घेत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. घरची माणसे प्रथम समजूत घालतात, मग रागावतात आणि शेवटी 'त्यांनी हाय खाल्ली' असे म्हणून गप्प बसतात.

या उद्गारात करुणा आहे, तसाच एक निवाडाही आहे. माणूस मनाने कच्चा निघाला, असा तो निवाडा. गेल्या काही दशकांतील मेंदूसंशोधन पाहता हा निवाडा अन्यायाचा आहे, असेच म्हणावे लागते.

पक्षाघातातून वाचलेल्या दर तीन रोग्यांपैकी सुमारे एकाला पुढे केव्हा ना केव्हा विषादाचा विकार जडतो, असे देशोदेशींच्या पाहण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. उमेद गेलेला रोगी व्यायाम सोडतो, औषधे चुकवतो. त्याचे अपंगत्व रेंगाळते आणि मृत्यूचा धोकाही वाढलेला आढळतो. हातापायांतील सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच पदरात पडतो. नेमके तेच महिने भिंतीकडे पाहण्यात गेले, तर ते पुन्हा हाती येत नाहीत.

हातपाय गेल्यावर कोणालाही दुःख होणारच, त्यात विकार तो कसला, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कर्त्या माणसाला दुसऱ्याच्या हाताने घास घ्यावा लागणे हे दुःखच आहे. परंतु विषादाची तीव्रता नेहमीच अपंगत्वाच्या प्रमाणात असते असे नाही. पाय पूर्ण लुळा पडूनही कोणी उमेद राखतो, तर जवळजवळ बरा झालेला दुसरा कोणी काळोखात बुडतो. तेव्हा दुःखाखेरीज आणखी काही कारण असले पाहिजे.

ते कारण मेंदूतील इजेच्या जागेत असावे, असा तर्क अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात मांडला. मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढच्या टोकाजवळ इजा झाली की विषाद अधिक, असे त्यांना दिसले होते. पुढे अनेकांनी हे पडताळून पाहिले. कोणाला ते खरे वाटले, कोणाला नाही. अखेर २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्याने सर्व पुरावा एकत्र तोलला आणि केवळ जागेवरून विषाद सांगता येत नाही, असा निर्वाळा दिला.

प्रश्नाची मांडणीच बहुधा अपुरी होती. चिंचणीच्या घोड धरणाखालील शेतकऱ्याला हे चटकन उमगेल. कालवा कोठे फुटला, एवढ्यावरून कोणाचे रान सुकणार हे कळत नाही. त्यासाठी कोणती चारी कोणत्या रानाला जाते हे ठाऊक असावे लागते. कालवा वरच्या अंगाला फुटो की मध्येच एखादी चारी बुजो, टेलच्या रानाला पाणी मिळत नाही, हा परिणाम मात्र एकच. मेंदूच्या एका भागातील इजेने दूरच्या, स्वतः शाबूत असलेल्या भागाचे कामही मंदावते, हे कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ सालीच सांगून ठेवले होते. ते चित्रात पाहण्याचे साधन तेवढे तेव्हा नव्हते.

आता ते साधन आले आहे. चुंबकीय प्रतिमांच्या विशिष्ट तंत्राने मेंदूतील रक्ताच्या प्राणवायूचे चढउतार टिपता येतात. ज्या दोन भागांतील चढउतार एकमेकांच्या तालावर होतात, ते परस्परांशी जोडलेले आहेत असे मानतात. निरोगी माणसांच्या अशा प्रतिमांवरून जोडण्यांचा नकाशा तयार होतो आणि त्यावर रोग्याची इजा ठेवून ती कोणकोणत्या भागांशी निगडित आहे हे पाहता येते. २०१९ साली बॉस्टनच्या संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या ४६१ जणांची माहिती या रीतीने तपासली. विषादाशी निगडित अशी एकच एक जागा त्यांना सापडली नाही. मात्र विषाद जडलेल्यांच्या विखुरलेल्या इजा एका समान जाळ्यात मोडत होत्या आणि त्या जाळ्याचा एक मुख्य सांधा मेंदूच्या डाव्या बाजूस, कपाळामागच्या भागात होता. विशेष हे की, पक्षाघात नसलेल्या विषादाच्या रोग्यांना चुंबकीय स्पंदनांचे उपचार देताना डॉक्टर आधीपासून याच भागाला लक्ष्य करीत आले होते.

अर्थात या पद्धतीला मर्यादा आहेत. नकाशा निरोगी माणसांचा असतो, त्या रोग्याचा स्वतःचा नव्हे; आणि दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय कर्ज, एकाकीपण, सुनेवर पडलेला भार या गोष्टी कोणत्याच प्रतिमेत उमटत नाहीत. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की, पक्षाघातानंतरचा विषाद हा स्वभावदोष नव्हे. ज्या आघाताने हात गेला, त्याच आघाताने उमेदीच्या वाटाही तुटू शकतात. लुळ्या हाताला कोणी आळशी म्हणत नाही. मग लुळ्या पडलेल्या उमेदीला तो बोल का लावावा?

उपाय सोपे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सर्वच रोग्यांना सरसकट विषादरोधक औषध द्यावे काय, हे ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक रोग्यांच्या चाचणीत पाहिले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार फ्लुओक्सेटिनने नव्याने जडणारा विषाद कमी झाला; पण हातापायांचे कार्य सुधारले नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. म्हणून ज्याला गरज आहे त्याला हुडकून, वैद्यकीय सल्ल्यानेच उपचार द्यायला हवेत. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांवर झालेल्या आणखी एका चाचणीत घरच्या माणसांनाच व्यायाम शिकवून पाहिले. २०१७ साली निकाल आला तो निराशाजनक. अपंगत्व त्याने कमी झाले नाही. सारा भार कुटुंबावर टाकून मोकळे होता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

हा प्रश्न केवळ शहरांचा नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण निघाले; सातांतील एक मृत्यू त्याचा होता. जेथे मृत्यू इतके, तेथे वाचून अंथरुणाला खिळलेलेही असणारच.

त्यांना हुडकण्यासाठी प्रतिमायंत्र लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला काय आणि मन उदास, निराश राहते काय, हे दोन प्रश्न प्राथमिक तपासणीस पुरतात. ज्याची वाचाच गेली आहे, त्याच्याविषयी घरच्यांना विचारावे: तो रडतो का, जेवण टाळतो का, माणसे नकोशी झाली आहेत का? रक्तदाब मोजताना हे प्रश्न आशाताईंना विचारता येतील. गावच्या स्त्रियांना शिकवून असे काम उभे राहते, हे याच तालुक्यात वढू बुद्रुक येथे सिद्ध झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले.

अडचण आहे ती भीतीची. मनाच्या आजाराचे नाव काढताच आपल्या जिल्ह्यात 'येरवडा' हा शब्द थट्टेने उच्चारला जातो आणि रोग्याचे तोंड कायमचे मिटते. सरकारची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे; पण थट्टेच्या धाकाने दूरध्वनी उचललाच गेला नाही, तर तिचा उपयोग काय? ही थट्टा थांबवणे शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती आहे. रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर गोळ्या आणि व्यायाम यांच्याबरोबर मनाच्या तपासणीचीही तारीख लिहिली जावी, एवढी मागणी आरोग्य खात्याकडे करण्यास तर कोणतीच हरकत नसावी. त्याला खर्च येतो तो एका ओळीच्या शाईचा.